गुरुत्वक्षेत्राची तीव्रता : झाशीचे एक उदाहरण

उंचावरून सोडलेला दगड खाली येतो, कारण पृथ्वी त्यास आपल्याकडे ओढते. कोणत्याही वस्तूच्या सभोवती जेथवर तिची अशी ओढ जाणवते, त्या प्रदेशास त्या वस्तूचे गुरुत्वक्षेत्र म्हणतात. त्यातील एखाद्या बिंदूपाशी १ किलोग्रॅम वस्तुमानावर जेवढे बल कार्य करते, तेवढी त्या बिंदूपाशी क्षेत्राची तीव्रता होय. तेथे मोकळ्या सोडलेल्या वस्तूचे त्वरणही याच संख्येने व्यक्त होते; म्हणून ही तीव्रता ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ या एककात मांडतात.

न्यूटनने १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे ही तीव्रता वस्तुमानाच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. १ किलोग्रॅमच्या गोळ्याच्या मध्यापासून १ मीटर अंतरावर ती १ भागिले सुमारे १५ अब्ज एवढी भरते. कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये शिशाच्या गोळ्यांची ओढ मोजली, तेव्हा या सूक्ष्म संख्येचा मार्ग मोकळा झाला.

राणी लक्ष्मीबाईंमुळे मराठी वाचकांस परिचित असलेल्या झाशीच्या परिसरात ग्रॅनाइटचे मोठमोठे खडक आढळतात. त्यांपैकी एक खडक गोलाकार व १,००० टन, म्हणजे १० लाख किलोग्रॅम वजनाचा आहे असे समजू. त्याच्या मध्यापासून १० मीटरवर तीव्रता किती? १० लाखांस १० च्या वर्गाने, म्हणजे १०० ने, भागल्यास १०,००० येतात. त्यांस पुन्हा १५ अब्जांनी भागले की १ भागिले १५ लाख हे उत्तर मिळते. पृथ्वीच्या ओढीच्या मानाने हा सुमारे दीड कोटीवा भाग होय! म्हणूनच शेजारचा खडक आपणांस ओढत असूनही ते जाणवत नाही.

आता पृथ्वीकडे वळू. गोलाची बाहेरच्या वस्तूवरील ओढ, त्याचे सर्व वस्तुमान जणू मध्यबिंदूत एकवटले आहे, अशी मानून काढता येते. किलोमीटर हे एकक घेतल्यास पृथ्वीचे वस्तुमान व गुरुत्वस्थिरांक यांचा गुणाकार ३,९८,६०० येतो. झाशी पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे ६,३७४ किलोमीटरवर आहे. त्या गुणाकारास या अंतराच्या वर्गाने भागून मीटरमध्ये मांडले असता ९.८१ मिळतात. परंतु पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे झाशीच्या अक्षांशावर ०.०२८ एवढी घट होते. शिवाय ती विषुववृत्तापाशी फुगीर असल्याने तेथे ०.००७ ची भर पडते. शेवटी उत्तर येते ९.७८९ मीटर प्रति सेकंद वर्ग.

पृथ्वी जवळजवळ गोल आहे, म्हणून हा हिशेब सोपा झाला. पर्वत मात्र गोल नसतो. त्याचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येकाची ओढ दिशेसह मिळवावी लागते. असा एक हिशेब भारताच्या भूमापनात अत्यंत महत्त्वाचा ठरला. झाशीच्या दक्षिणेस सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि उत्तरेस मुझफ्फरनगरजवळचे कलियाना या दोन स्थानकांमधील अक्षांशांचा फरक एव्हरेस्टच्या कारकिर्दीत दोन रीतींनी काढण्यात आला: एकदा जमिनीवरील त्रिकोणांवरून व एकदा ताऱ्यांच्या वेधांवरून. दोहोंत ५.२३६ विकलांची तफावत आली. जमिनीवर हे अंतर सुमारे १६० मीटर होते.

ताऱ्यांचे वेध घेताना ऊर्ध्व दिशा ओळंब्याच्या साहाय्याने ठरते. कलियाना हिमालयास अधिक जवळ असल्यामुळे पर्वताच्या ओढीने तेथील ओळंबा अधिक ढळला असावा. कलकत्त्याचे आर्चडीकन व गणितज्ञ जॉन हेन्री प्रॅट यांनी ही ओढ गणिताने काढून १८५५ मध्ये प्रसिद्ध केली. उत्तर आले १५.८८५ विकला, म्हणजे प्रत्यक्ष तफावतीच्या सुमारे तिप्पट!

हिशेब व वेध यांत मेळ नव्हता, तेव्हा दोष गृहीतकात शोधणे भाग होते. पर्वताच्या वस्तुमानाची भरपाई खाली कोठेतरी होत असली पाहिजे. एअरी यांनी त्याच वर्षी सुचविले की, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याप्रमाणे पर्वताचा हलका भाग खालच्या अधिक घन द्रव्यात खोलवर बुडालेला असावा. पुढे भूकंपलहरींच्या अभ्यासाने तिबेटखालील कवच सुमारे ७० किलोमीटर जाड असल्याचे दिसून आले. अशा रीतीने ओळंब्याच्या अल्पशा ढळण्यातून, जेथे मनुष्य उतरू शकत नाही त्या खोलीची माहिती मिळाली.

अभ्यास : झाशीच्या वर ४०० किलोमीटर उंचीवर, पृथ्वी गोल मानून, तीव्रता काढा. (उत्तर : सुमारे ८.६९.) या उंचीवर अंतराळवीर तरंगतात ते गुरुत्वाकर्षण नाहीसे झाल्यामुळे काय, याचा उत्तरावरून विचार करा.