जाऊ देऊ नकोस

चि. सायलीस,


तुझा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलो. पाच मिनिटांसाठी किराण्याच्या दुकानात शिरलीस, तूरडाळ-पोहे घेऊन बाहेर आलीस, तर सायकल गायब. हातात ती जड पिशवी घेऊन तू जवाहर नगरच्या गल्ल्या पालथ्या घातल्यास, हे ऐकून जीव कळवळला. पण नंतर म्हणालीस, ‘जुनीच होती मामा, जाऊ दे.’ ते मात्र मला पटलं नाही.

का ते सांगतो. मी तिथे जयपूरला नोकरीत असताना, १३ मे २००८ च्या संध्याकाळी, तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या बाजारांत एकामागून एक स्फोट झाले. मंगळवार होता, हनुमान मंदिरांपाशी गर्दी होती. बॉम्ब सायकलींवर ठेवलेले होते. सत्तरच्या आसपास माणसं गेली. जबाबदारी घेणारा जो ई-मेल नंतर आला, त्यात एका सायकलीचा फ्रेम नंबर दिलेला होता. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्या सायकली मुद्दाम विकत घेतलेल्या होत्या, चोरीच्या नव्हत्या. पण तेव्हापासून बेवारस सायकल दिसली की माझी नजर थबकते. आपली सायकल कुठे, कुणाच्या हातात आहे हे आपल्याला ठाऊक नसेल, तर ती आपल्याकडे नाही एवढी तरी नोंद सरकारदरबारी हवी.

म्हणून पोलीस ठाण्यात जाऊन चोरीचा अर्ज दे. फ्रेम नंबर बहुधा पायडलच्या आसाखाली ठोकलेला असतो. सायकल गेली, पण खरेदीची पावती तुझ्या लोखंडी पेटीत आहे, तिच्यावर असेल. तो अर्जात घाल. घंटीला बांधलेला लाल दोरा, मागच्या मडगार्डवरचा पोचा, हेही लिही. किंमत खरी लिही, फुगवू नकोस. ठाण्यात कुणी म्हणालं, ‘गुम हो गई लिख दो’, तर नम्रपणे नाही म्हण. हरवणं वेगळं, चोरी वेगळी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिचं कलम ३०३ चोरीचं. एफआयआर नोंदली तर तिची प्रत फुकट मिळते, आणि साधा अर्ज घेतला तरी शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नकोस.

आणखी एक. दुकानदार म्हणाला ना, टेकडीकडच्या कच्च्या बस्तीतल्या पोरांचं काम असेल? त्याने पाहिलं नाही, तूही पाहिलं नाहीस. अर्जात ‘संशयित’ म्हणून एक अक्षरही लिहू नकोस. त्या बस्तीतल्या बायकाच तुझ्या गल्लीतली धुणीभांडी करतात, आणि एका वाक्यापायी कुणाच्या तरी सोळा वर्षांच्या मुलाला रात्रभर ठाण्यात बसवतील.

नवी सायकल घेशील तेव्हा साखळी चाकातून आणि फ्रेममधून ओवून खांबाला लाव. नुसतं मागच्या चाकाचं कुलूप म्हणजे उचलून टेम्पोत टाकायला मोकळी.

आईला आज रात्रीच सांग. रागावेल, रागावू दे. तिने चार महिने पैसे बाजूला टाकून घेतली होती ती. मी रविवारी सकाळी फोन करतो, पोच समोर ठेव.

तुझा,
मामा