शब्दांचे कूळ

माणसांची जशी घराणी असतात, तशीच शब्दांचीही असतात. इंग्रजी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या कानी 'यूज' हा शब्द फार लवकर पडतो. 'यूज' म्हणजे उपयोग. या लहानशा शब्दाचे घराणे मोठे आहे.

सन १०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांताचा अधिपती विल्यम याने इंग्लंड जिंकले. तेव्हापासून तेथील राजदरबारात फ्रेंच भाषेचा मान वाढला. फ्रेंच ही लॅटिनची कन्या. त्यामुळे लॅटिन कुळातील असंख्य शब्द फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आले. 'यूज' हा त्यांपैकीच एक होय.

लॅटिन भाषेत 'ऊती' म्हणजे वापरणे आणि 'ऊसुस' म्हणजे वापर किंवा वहिवाट. या मुळाला पुष्कळ फांद्या फुटल्या. उपयुक्तता ती 'युटिलिटी'. घरात वापरावयाचे भांडे ते 'युटेन्सिल'. जे वहिवाटीचे, नेहमीचे, ते 'यूजुअल'. दुसऱ्याचा पैसा वापरल्याबद्दल द्यावयाचा मोबदला ती 'यूजरी'. पूर्वी कोणत्याही व्याजाला हा शब्द लावीत. आता मात्र त्याचा अर्थ बेसुमार व्याज असा झाला आहे.

मराठीतील 'उपयोग' हा शब्द संस्कृतातून आला आहे. त्याचे मूळ 'युज्' या धातूत आहे. 'युज्' म्हणजे जोडणे. योग, योग्य, उद्योग, युक्ती ही सारी त्याचीच संतती. 'यूज' आणि 'युज्' हे उच्चार ऐकून ती सख्खी भावंडे असावीत, असे कोणालाही वाटेल. परंतु ते खरे नव्हे. 'युज्'चा इंग्रजीतील खरा आप्त 'योक' हा आहे. 'योक' म्हणजे बैलांच्या मानेवर ठेवतात ते जू. आपला 'जू' हा शब्दही संस्कृत 'युग' या शब्दावरून आलेला, म्हणजे त्याच कुळातील आहे. चेहरा सारखा दिसला म्हणून नाते सिद्ध होत नाही. शब्द कोठून व कोणत्या वाटेने आला, हे पाहावे लागते.

अशी ही दोन कुळे भिन्न आहेत. तरीही एका बाबतीत त्यांचे अनुभव सारखे आहेत. इंग्रजीत 'यूज'च्याच घरात 'अब्यूज' नांदतो, आणि मराठीत 'उपयोगा'शेजारी 'दुरुपयोग' उभा असतो. कर्जाऊ मिळालेला पैसा अडलेल्या शेतकऱ्याची पेरणी साधतो. तोच बेसुमार व्याजाने दिला, तर त्याची जमीन गिळतो. पैसा एकच; भेद असतो तो वापरणाऱ्याच्या बुद्धीत. उपयुक्तता वस्तूच्या अंगी असते, पण तिचे सार्थक माणसाच्या हाती असते.

स्वाध्याय
१. 'यूज' व 'युज्' हे शब्द एकाच कुळातील का मानता येत नाहीत?
२. 'युज्' धातूपासून झालेले चार शब्द वाक्यांत योजा.