प्रजातींच्या नामशेष होण्याच्या धोक्याचे मूल्यमापन : माळढोक आणि रानपिंगळा

प्रास्ताविक
एखादा पक्षी 'आता दिसत नाही' असे जळकोट परिसरातील वडीलधारी माणसे सांगतात. ही आठवण मोलाची असली, तरी ती मोजणी नव्हे. दुर्मीळ असणे आणि नामशेष होण्याच्या मार्गावर असणे यांतील फरक शास्त्रज्ञ कसा ठरवतात, हे या उपघटकात आपण पाहणार आहोत.

विषय-विवेचन
आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची 'लाल यादी' १९६४ पासून तयार होत आहे. १९९४ मध्ये तिच्यासाठी संख्यात्मक निकष स्वीकारले गेले. हे निकष पाच आहेत : संख्येतील घट, आक्रसलेले वसतिक्षेत्र, अल्प व घटती संख्या, अत्यल्प संख्या आणि नामशेष होण्याची गणिती शक्यता. यांपैकी एक निकष पूर्ण झाला तरी प्रजाती 'असुरक्षित', 'संकटग्रस्त' किंवा 'अतिसंकटग्रस्त' ठरते. उदाहरणार्थ, प्रजननक्षम जीव ५० पेक्षा कमी उरल्यास प्रजाती अतिसंकटग्रस्त मानली जाते.

घट मोजताना दहा वर्षे किंवा तीन पिढ्या, यांपैकी दीर्घ कालावधी धरतात. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे झालेली हानी लवकर भरून येत नाही. सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले. तरीही गवताळ माळ घटत गेले. विजेच्या तारा नवे संकट ठरल्या : समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि जड देहामुळे चटकन वळता येत नाही. २०११ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला.

याउलट रानपिंगळा शतकाहून अधिक काळ नामशेष मानला जात होता. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा आढळला. पुढे इतर ठिकाणीही त्याच्या नोंदी झाल्या आणि २०१८ मध्ये त्याची श्रेणी अतिसंकटग्रस्तवरून संकटग्रस्त अशी बदलली. म्हणजे श्रेणी ही कायमची नसते. नवी माहिती मिळताच ती तपासली जाते.

लाल यादी हा कायदा नव्हे. भारतात संरक्षण मिळते ते वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये. तथापि 'पडीक' म्हणून नोंदलेला माळ हे कोणाचे तरी घर आहे, याची जाणीव अशा मूल्यमापनामुळे होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. घट मोजताना 'तीन पिढ्या' का विचारात घेतात?
२. रानपिंगळ्याची श्रेणी का बदलली?

उपक्रम
आपल्या गावातील एखाद्या माळावर महिनाभर, आठवड्यातून एकदा ठरावीक वेळी पक्षी मोजा. तारीख, वेळ व संख्या लिहा. पक्षी न दिसल्यास शून्य नोंदवा. तीही माहितीच असते.