वार्धक्यातील दुर्बलता आणि ताई ची

वय वाढले की शरीर दुर्बल होणारच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु वय आणि दुर्बलता या दोन गोष्टी एक नव्हेत. अमेरिकेतील लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दुर्बलतेच्या पाच खुणा सांगितल्या. वर्षभरात प्रयत्न न करता सुमारे साडेचार किलो वजन घटणे, हाताची पकड क्षीण होणे, सतत थकवा, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल या त्या खुणा होत. तीन किंवा अधिक खुणा आढळल्यास ती व्यक्ती दुर्बल मानली जाते. एक-दोन आढळल्यास ती दुर्बलतेच्या उंबरठ्यावर असते. अशा अवस्थेत तोल जाऊन खुब्याचे हाड मोडले, तर अंथरुणाला खिळून स्नायू अधिकच झिजतात.

व्यायामाचे स्वरूप

ताई ची ही मूळची चिनी युद्धकला. हेनान प्रांतातील चेन घराण्यात सतराव्या शतकात तिचा उगम झाला, असे मानले जाते. १९५६ साली चीनमध्ये तिचा २४ हालचालींचा सुलभ क्रम तयार करण्यात आला. गुडघे किंचित वाकवून, पाठ ताठ ठेवून, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश न्यावयाचा असतो. गती मंद असल्याने झोक्याचा आधार मिळत नाही. मांड्या व पोटऱ्या यांनाच शरीर तोलून धरावे लागते.

प्रयोगांचे निष्कर्ष

अटलांटा येथे सत्तरी ओलांडलेल्या २०० व्यक्तींवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. पंधरा आठवड्यांच्या शिक्षणाने वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटला. ऑरेगन राज्यातील २५६ वृद्धांच्या सहा महिन्यांच्या प्रयोगात (२००५) ताई ची करणाऱ्या गटात पडण्याच्या ३८, तर केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्या गटात ७३ घटना नोंदल्या गेल्या.

मात्र दुर्बलतेकडे झुकलेल्या ३११ वृद्धांवरील ४८ आठवड्यांच्या प्रयोगात (२००३) पडण्याचे प्रमाण कमी दिसले, तरी तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. म्हणून शक्ती पुरती ओसरण्याची वाट न पाहता, पहिली खूण दिसताच व्यायामास प्रारंभ करणे श्रेयस्कर होय.

घ्यावयाची दक्षता

चक्कर, हृदयविकार वा सांधेदुखी असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जागा सपाट व कोरडी असावी. आरंभी आधारासाठी जवळ खुर्ची ठेवावी आणि जाणकार शिक्षकाकडून शिकावे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, काही महिने नेमाने केल्यासच लाभ दिसतो. यास साधने लागत नाहीत. सातत्य मात्र लागते.