चालता कॉम्प्युटर एकदम बंद पडतो तेव्हा

चि. भाच्यास,

असेंबल केलेला डेस्कटॉप चालता चालता बंद पडणे आणि विंडोजने निळा पडदा दाखवून थांबणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. निळ्या पडद्यामागे बहुधा ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्क असते. पडदा काळा, पंखे थांबलेले, पुढचा दिवा विझलेला, असे असेल तर वीज तुटली आहे: घरच्या लाइनने, यूपीएसने, एसएमपीएसने (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याने) किंवा उष्णतेपासून बचाव म्हणून प्रोसेसरने तोडायला लावली आहे. अशा वेळी दुकानात पहिला सल्ला फॉरमॅट मारण्याचा मिळतो. या दुखण्यात तो सहसा वाया जातो.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडते. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती सांगते. कारण सांगत नाही. तिच्यातली वेळही पुन्हा सुरू झाल्याची असते, म्हणून बंद पडल्याची वेळ आपणच टिपावी. त्या वेळी गेम चालू होता का, शेजारी पाण्याची मोटर सुरू झाली का, कूलर चालू होता का, हे वहीत लिहीत जावे. बंद पडल्यावर मशीन कसे वागते हेही पाहावे. बटण दाबताच सुरू होते, की दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर? थांबावे लागत असेल तर संशय उष्णतेवर. मागचा स्विच बंद करून पुन्हा चालू केल्याखेरीज दाद देत नसेल, तर एसएमपीएसच्या आतले संरक्षण अडकून बसले आहे, म्हणजे त्याला जास्तीचा लोड किंवा शॉर्ट जाणवला आहे.

यवतमाळात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. खोलीच ४० अंशांवर असेल तर कॅबिनेटच्या आतले हवामान विचारायला नको. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या दरम्यान आधी वेग कमी करतात आणि तरीही तापमान चढले तर मशीन बंद करतात. म्हणून उष्णतेच्या दुखण्यात बंद पडण्याआधी मशीन मंदावलेले असते. एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये आकडा पाहावा. ७५ अंशांवर चालणारा प्रोसेसर बंद पडला तर त्याला दोष देऊ नये. वणीकडे कोळशाची बारीक धूळ आणि जिनिंगच्या हंगामात कापसाची तूस हीटसिंकच्या पट्ट्यांत दाटून बसते. ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर सोडू नये. दमट हवेत तीच धूळ चिखलासारखी थापली जाते. थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावावी.

आता लाइन. आपल्याकडे ५० हर्ट्झ विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. चांगला एसएमपीएस पुरवठा तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. मोटर सुरू होताना दिवा जेमतेम मिचकतो, तेवढ्यात कॉम्प्युटर जाऊ शकतो. यूपीएस असूनही हे घडते. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच पेलतो, बॅटरी उन्हाळ्यात लवकर थकते, आणि काही एसएमपीएसना स्वस्त यूपीएसचा चौकोनी वेव्ह मानवत नाही. एक दिवस यूपीएस वगळून थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवून पाहिले की निम्मा उलगडा होतो.

अर्थिंगकडे जिल्ह्यात कुणी फारसे पाहत नाही. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंग नावापुरते उरते. मग कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात: एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर पत्र्यावर निम्म्या लाइनइतका, सुमारे ११५ व्होल्ट, दाब आणून ठेवतात. मशीन बंद पडण्याचे हे थेट कारण क्वचितच असते, पण धोका आहेच. खड्ड्यात पाणी घालून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब वायरमनकडून मोजून घ्यावा; तो दोन-चार व्होल्टच्या आत हवा. दोन पिनांच्या एक्स्टेंशन बोर्डवर कॉम्प्युटर चालवणे हा तर शुद्ध आळस.

गेम सुरू होताच मशीन जात असेल तर पहिला आरोपी एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या डब्यावर ‘४५० वॅट’ छापलेले असते. त्यावर न विसंबता लेबलवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले आहेत, ते वाचावे. ग्राफिक्स कार्ड क्षणभर आपल्या नेहमीच्या मागणीपेक्षा बरीच जास्त वीज खेचते. म्हणूनच २०२२च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद दुप्पट लोड सोसावा अशी अट आली. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ च्या दरम्यान दिसली म्हणून तो निर्दोष ठरत नाही, कारण व्होल्टेजमधला क्षणिक खड्डा मीटरला दिसत नाही. मित्राचा खात्रीचा एसएमपीएस त्याच्याच केबलींसह लावून पाहणे, हीच खरी परीक्षा. दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलर केबली बसतात, पण पिनांची रचना वेगळी असल्यास बोर्ड जळू शकतो. एसएमपीएसचा डबा उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब उरू शकतो.

एसएमपीएसही ठीक निघाला तर किरकोळ गोष्टी उरतात. प्रोसेसरचा आठ पिनांचा कनेक्टर पिवळा-तपकिरी झाला आहे का, बोर्डाखाली जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड टेकवणारा खुंट) राहिला आहे का, पुढचे बटण अडकते का. बटण चार सेकंद दाबले गेले तर मशीन सरळ बंद होते. मशीन सुरू झाल्यावर त्याची तार बोर्डवरून काढून एक दिवस चालवावे. एका वेळी एकच वस्तू बदलावी.

दुरुस्तीनंतरची तपासणी सकाळच्या गारव्यात करू नये. दुपारी तीनला, कूलर चालू ठेवून, नेहमीच्याच यूपीएसवर तासभर पूर्ण लोड द्यावा आणि वहीतल्या नोंदींशी ताडून पाहावे.

तुझा,
मामा