कचरा नेणाऱ्या मावशींचे पैसे कशाचे?

प्रश्न : आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या मावशी त्यातल्या प्लास्टिकच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या काढून भंगारात विकतात. शिवाय दर महिन्याला घरटी पैसेही घेतात. महापालिका त्यांना पगार देत असणारच. मग हे पैसे कशाचे? आणि वेफर्सची पाकिटे त्या का विकत नाहीत?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी पगाराचे बघू. पुण्याच्या बऱ्याच भागांत दारोदारचा कचरा गोळा करणारे कचरावेचक ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे सभासद आहेत. त्यांना महापालिकेचा पगार नाही. घरटी मिळणारे शुल्क आणि भंगाराची विक्री यांवरच त्यांचे घर चालते. तुम्ही देता ते पैसे म्हणजे त्यांची मजुरी. 2016च्या घनकचरा नियमांनीही हे शुल्क भरणे नागरिकांचे कर्तव्य ठरवले.

ही व्यवस्था सहज उभी राहिलेली नाही. या कामातल्या बहुतेक बायका दलित समाजातल्या. पूर्वी त्या रस्त्यावरच्या कचराकुंड्या उपसत. काच लागे, कुत्री अंगावर येत, चोरीचा आळ तर नेहमीचाच. 1993 साली त्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या संघटनेत एकत्र आल्या. कामगार नेते डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्या त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे आली, पुढे वैद्यकीय विमाही मिळाला. 2008 मध्ये ‘स्वच्छ’ने महापालिकेशी करार केला आणि कुंडीवरची बाई हक्काने तुमच्या दारात आली.

आता भंगाराकडे वळू. वर्गीकरण चालू असताना पाच मिनिटे शेजारी उभे राहून बघा. हाताला लागलेली पिशवी जरा चुरगाळली की तिच्या आवाजावरून मावशी ओळखतात : कडकड वाजली तर एक ढीग, मऊ लागली तर दुसरा. पाण्याच्या बाटलीचे झाकण वेगळे निघते, कारण दोन्हींचे प्लास्टिक वेगळे. पाण्यात टाकलेत तर झाकणाचा तुकडा तरंगतो, बाटलीचा बुडतो. सगळे एकत्र विकले तर भाव पडतो. नीट निवडले तर चढतो. तुमच्या घरात ज्याची किंमत शून्य होती, त्याला भाव येतो तो या निवडण्यामुळे. म्हणून त्या पैशावर मावशींचाच हक्क आहे. शिवाय त्यांनी काढून घेतलेले प्लास्टिक कचरा डेपोत जात नाही. शहराच्या कचऱ्याचा त्रास डेपोशेजारच्या उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी किती वर्षे सोसला, हे पुणेकरांना सांगायला नको.

वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते स्वस्तात सुटे करता येत नाहीत, पाकिटाला वजनही नसते. म्हणून भंगारवाला ते घेत नाही. बाजारात पाकीट आणणाऱ्या कंपनीवर त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी कायद्याने आहे. कंपनीने गोळा करण्याचे दाम मोजले तर कचरावेचक ही पाकिटेही आणून देतात. पुण्यात तसे प्रयत्न झाले आहेत.

प्लास्टिक प्रदूषणावर जागतिक करार करायचा ठराव 2022 साली नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत झाला. त्यात कचरावेचकांसारख्या असंघटित आणि सहकारी कामगारांच्या योगदानाची दखल घेतलेली आहे. जगाने ज्यांची नोंद घेतली, त्यांना आपल्या जिन्यात बसून कचरा निवडावा लागतो, ही गोष्ट मला सलते. दर सोसायटीत त्यांना बसायला सावली, हात धुवायला नळ आणि वापरायला स्वच्छतागृह मिळालेच पाहिजे.

तुमच्या हातातही बरेच आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा द्या. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो बारीक तुकडा कुणाच्या हाती लागत नाही. पिशवी विसळून ठेवा. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे मावशींना ते उघडून बघावे लागणार नाही. फुटलेली काच आणि इंजेक्शनच्या सुया वेगळ्या बांधून हातात द्या. दिवाळीला मिठाईचा पुडा जरूर द्या, पण महिन्याचे पैसे मागायला त्यांना दुसऱ्यांदा बेल वाजवायला लावू नका.