स्पर्धकासोबत काय वाटून घ्यायचं आणि काय नाही?



"सर, जो माझे ग्राहक पळवतो, त्याच्यासोबत मी काम का करू?" सॉफ्टवेअरच्या धंद्यातले लोक हा प्रश्न हमखास विचारतात. व्हिडिओत उत्तर थोडक्यात दिलं होतं, आज उदाहरणांसह नीट समजून घेऊ.

गूगलने आपलं काम खुलं का केलं?

२०१४ साली क्लाउडच्या धंद्यात ॲमेझॉन खूप पुढे होती. त्या वर्षी जूनमध्ये गूगलने कुबरनेटीस नावाचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स केलं. म्हणजे कोणीही वापरा, बदला, सुधारा. त्याचं काम मुकादमासारखं आहे. कोणतं ॲप कोणत्या सर्व्हरवर चालवायचं ते ठरवायचं आणि एखादं बंद पडलं तर लगेच दुसरं उभं करायचं. रेड हॅट, आयबीएम, मायक्रोसॉफ्टही त्यात उतरल्या.

२०१५ मध्ये गूगलने हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील सीएनसीएफ या नव्या संस्थेकडे सोपवला. विचार करा, मालकी एकट्या गूगलकडे राहिली असती, तर बाकीच्यांनी आपले इंजिनिअर त्यावर कशाला बसवले असते? २०१७ मध्ये खुद्द ॲमेझॉननेही कुबरनेटीसची सेवा जाहीर केली.

गूगलला काय मिळालं? पाया सगळीकडे सारखा झाला, की ग्राहकाला एका कंपनीकडून दुसरीकडे जाणं सोपं होतं. मागे असलेल्याला हेच हवं असतं. आता पाया सामायिक आहे आणि स्पर्धा त्याच्या वर चालते: दर, सपोर्ट, सुरक्षितता यांवर.

सगळे वापरतात, पण सांभाळतो कोण?

आता दुसरी बाजू. ओपनएसएसएल हे इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद ठेवणारं सॉफ्टवेअर. मोठमोठ्या कंपन्या ते वापरत होत्या, पण प्रकल्पाला वर्षाला देणगी मिळायची सुमारे २,००० डॉलर! एप्रिल २०१४ मध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाची चूक सापडली. ती दोन वर्षं कोणाच्या लक्षात आली नव्हती. जगभर सर्व्हर दुरुस्त करायची धावपळ उडाली. मग गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, फेसबुक, इंटेल असे एकमेकांचे स्पर्धक एकत्र आले आणि अशा प्रकल्पांसाठी त्यांनी निधी उभा केला. आधी दिलं असतं, तर खर्च कमी झाला असता.

आता तुमच्या ऑफिसात या

ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. समजा, तुम्ही भोसरीतल्या कारखान्यांना ते बसवून देता, आणि तुमचा स्पर्धकही तेच करतो. जीएसटीचा नियम दोघांना सारखाच. त्यातली चूक तुम्ही दुरुस्त केलीत आणि ती फक्त आपल्या कॉपीत लपवून ठेवलीत, तर प्रत्येक नव्या व्हर्जनला तेच काम पुन्हा करावं लागेल. तीच दुरुस्ती मूळ प्रकल्पात गेली, की ती सांभाळायला सगळे असतात. ग्राहक तुम्हाला पैसे देतो ते त्याच्या कारखान्याची नस ओळखण्याबद्दल. ते तुमच्याकडेच राहतं.

तीन नियम लक्षात ठेवा

१. ग्राहक ज्यासाठी तुम्हाला निवडत नाही, ते वाटा. ज्यासाठी निवडतो, ते जपा.

२. मालकी आणि नियम लिहून ठेवा. कोड कोणत्या लायसन्सखाली आहे, बदल कोण मंजूर करणार, हे सगळं आधी ठरवा. "आपलीच माणसं आहेत" यावर सोडू नका.

३. दर आणि ग्राहक यांवर चर्चा नको. स्पर्धकांनी मिळून भाव ठरवणं किंवा ग्राहक वाटून घेणं स्पर्धा कायदा, २००२ मध्ये बसत नाही. एकत्र काम फक्त कोडवर.

गृहपाठ: वहीत दोन रकाने आखा. एकात लिहा, "हे काम माझे स्पर्धकही करतात आणि ग्राहकाला फरक पडत नाही." दुसऱ्यात, "यासाठीच ग्राहक माझ्याकडे येतो." पहिल्या रकान्यावर तुमच्या टीमचे महिन्याला किती तास जातात ते मोजा. आकडा मोठा निघाला, तर स्पर्धकाला चहाला बोलवायची वेळ झाली आहे.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!